मागच्या सीटवरची परडी

रोहा, शनिवार

मोठ्या जाऊबाई स्वित्झर्लंडला चालल्यात. विमानतळावरून डोंगरातल्या गावी ट्रेनने जावं, बसने, की तिथे नोकरीला असलेल्या माझ्या नितीनच्या गाडीने? घाटात ओकारी होते, म्हणून गाडीच बरी म्हणे!

गणपतीत पेणहून येताना ह्याच म्हणाल्या होत्या, "गाडीत जागा नाय गो, तुझ्या आईला एसटीने आण." मागच्या सीटवर नुसती फुलांची परडी होती. आई दुखरे गुडघे घेऊन रोह्यापर्यंत उभी. ती परडी अजून डोळ्यांपुढून हलत नाय.

आज गोडीत सांगितलं, "जागा नाय हो. बसनेच जा. वळणं आहेत थोडी."

मी वाईट का? असेन.

नितीनला फोन केला, तर म्हणतो, "आई, मागची सीट रिकामीच असते की!"

म्हटलं, "परडी ठेव तिच्यावर."