ठेंग्याच्या गळ्यातली घुंगुरमाळ

मामंजी,

आपलं बुटकं घोडं, ठेंग्या, सकाळपासनं लोळतंय आन् वळून वळून पोटाकडं बघतंय. टेम्पोत घालून भोरला डॉक्टरकडं नेतीया. काल काय खाल्लं म्हणून आळीभर विचारत फिरले. मंगलकाकू म्हणाल्या, एकच पुरणपोळी दिली. धोंडाबाईही म्हणाल्या, एकच. समदी आळी एकच म्हणती! आळीत बैलच उरला न्हाई, मग पोळ्याचा निवद समद्यांनी ह्यालाच चारला.

तुमी तर म्हणाला व्हता, बैल इकले, आता आपल्याला पोळा न्हाई. मग ह्याच्या गळ्यात आपल्या बैलाची घुंगुरमाळ कुणी बांधली?

तुमी किती चारल्या, तेवढं फोन करून सांगा. डॉक्टर इचारतील. माळ म्या काढली न्हाई.

— शिवानी