उपकाराचं पाकीट

१२ ऑक्टोबर, रविवार
आजपासून रोज सकाळी चहाच्या आधी देवाचे उपकार मानायचे आणि वहीत लिहायचे. पाळकसाहेब म्हणाले, उपकार मानणं ही सवय असते, मूड नसतो. एकदम पटलं. मी तशी पहिल्यापासून उपकार मानणारीच, फक्त लिहीत नव्हते.
पहिला उपकार मोठा. रुचिराला दिवस गेलेत. लग्नाला चार वर्षं झाली, आता कुठे. तिने फोनवर बजावलं, मम्मी, तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही हं, चर्चमध्ये तर मुळीच नाही. शब्द दिला. मी शब्दाची पक्की आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार
कुणालाही सांगितलं नाही. फक्त चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या दानाचं पाकीट दिलं. त्यावर नाव आणि कारण लिहावंच लागतं. ‘सौ. वनिता रामदास, आजी होण्याचा आशीर्वाद मिळाल्याबद्दल.’ लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे.
पाकिटं चंद्राबाईंकडे द्यायची असतात. त्या वाचून म्हणाल्या, अगं बाई, लबाडे, बोलली नाहीस ती! मी नुसती हसले. पाळकसाहेब महिनाभर ट्रेनिंगला चाललेत, त्यामुळे पाकिटं एकदम १६ नोव्हेंबरला, उपकारस्तुतीच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचणार. तोपर्यंत तीन महिने होतीलच. म्हणजे जवळजवळ.

२० ऑक्टोबर, सोमवार
उपकार मानायचे राहिले. दूध नासलं. शेजारचे पॉवरलूम पहाटेच सुरू झाले. अशा खडखडाटात देवालाही नीट ऐकू गेलं नसतं. उद्या दुप्पट मानेन.

२९ ऑक्टोबर, बुधवार
दुपारी जावयांचा फोन. मिलिंद एवढंच म्हणाले, मम्मी, तुम्ही या.
बाळ गेलं.
मी खंबीर राहिले. एकदाही रडले नाही. रुचिरा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचा हात धरून म्हटलं, उपकार मान बाळा, तुझ्या जिवावर बेतलं नाही. तिने चादर तोंडावर ओढून घेतली. थकली असेल.
विहीणबाई, मंदाताई, वॉर्डाबाहेर फरशीवर बसून मोठमोठ्याने रडत होत्या. नर्स दोनदा ओरडली. ते लोक बौद्ध, देवाचं काही मानत नाहीत. अशा वेळी माणसाला आधार कसला? मला त्यांची दयाच आली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
आजचे उपकार. लवकर झालं, उशिरा झालं असतं तर जास्त त्रास. डॉक्टरीणबाई स्वभावाने चांगल्या. मिलिंदना रजा मिळाली. आमच्या यांना काल्हेरच्या गोडाऊनमध्ये ओव्हरटाइम सुरू झालाय, घरी यायला नऊ वाजतात. हे दमून गप्प बसतात, पण काम आहे हेच मोठं.
पाहिलं की सापडतातच उपकार.

४ नोव्हेंबर, मंगळवार
पाकिटाची आठवण झाली. भाजी चिरत होते. सुरी तशीच ठेवून बसून राहिले.
परत घ्यायला हवं. उद्याच चंद्राबाईंकडे जाते.

५ नोव्हेंबर, बुधवार
गेले नाही. पाय दुखत होता.

९ नोव्हेंबर, रविवार
उपासनेनंतर चंद्राबाई चहाच्या टेबलावर होत्या. भोवती बारा बायका. त्यांच्यासमोर काय म्हणून मागायचं? तिथेच विचारलं असतं, का गं, काय झालं? मग सांगावं लागलं असतं. रुचिराने तर कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलेलं.
शिवाय देवाला दिलेलं परत मागणं बरं दिसत नाही. पाकिटं पन्नासेक असतील, पाळकसाहेब काही सगळी कारणं वाचत बसायचे नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
रुचिरा रविवारी उपासनेला येणार! मीच समजावलं. म्हटलं, घरात कोंडून घेऊन कसं चालेल, देवाच्या घरात मन हलकं होतं. ती नको नको म्हणत होती. शेवटी म्हणाली, येते, पण तू कुणाला माझ्यासाठी प्रार्थना करायला लावू नकोस. कबूल केलं.
पाकिटाचं रविवारी लवकर जाऊन बघते.

१६ नोव्हेंबर, रविवार
रिक्षा उशिरा मिळाली.
पाळकसाहेबांनी सगळी कारणं वाचली.
आमचं वाचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतून चंद्राबाई मागे वळून रुचिराकडे बघून हसल्या. स्वतःच्या पोटावर हात फिरवून दाखवला.
रुचिरा उठली. दाराशी जाऊन वाकून सँडलचे बंद नीट लावले, दोन्ही पायांचे. मग गेली. मागोमाग मिलिंद उठले, हेसुद्धा उठले.
मी बसून राहिले. शेवटचं गीत बाकी होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
रुचिराचा फोन बंद. रेंजचा प्रॉब्लेम असेल. त्यांच्या काल्हेरच्या नव्या बिल्डिंगमध्ये असतोच.
आजचे उपकार. काल कुणी मला काही विचारलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
शिरा करून काल्हेरला गेले. काय बोलायचं ते रिक्षात पाठ केलं होतं. मंदाताईंनी दार उघडलं. रुचिराने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. मी बाहेरून म्हटलं, बाळा, चूक झाली, पण देव यातूनही काहीतरी चांगलं...
आतून आवाज आला, मम्मी, एकदा तरी म्हण ना वाईट झालं म्हणून. फक्त तेवढंच म्हण.
मी म्हटलं, अगं, पण आपण असं निराश व्हायचं नसतं.
मंदाताईंनी मला स्वयंपाकघरात नेलं. म्हणाल्या, विहीणबाय, तुमचा देव मोठा हाय, मी न्हाय म्हणत नाय. पण पोरीला रडू द्या की जरा. तिचे पप्पा बघा, रोज ड्युटी सुटली का येतात. बापलेक तिथं गॅलरीत बसतात. कधी रडतात, कधी नुसते ट्रक बघतात. मी चहा देते.
मी विचारलं, रोज?
त्या म्हणाल्या, दवाखान्यातून आणलं त्या दिवसापासून. तुमाला न्हाय ठावं?
म्हटलं, आहे ना. मला माहीत नसेल का!

२३ नोव्हेंबर, रविवार
उपासनेला गेले नाही. आम्ही दोघंही घरी.
यांना विचारलं, मला का नाही सांगितलंत? यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, तू लगेच प्रार्थना सुरू केली असतीस गं. तिला नुसतं बसायचं होतं. मलाही.
मी म्हटलं, मला काय वाईट वाटत नाही का?
हे म्हणाले, तू कधी दिसू दिलं नाहीस.

२६ नोव्हेंबर, बुधवार
‘वाईट झालं.’ आरशासमोर म्हणून बघितलं. सोपं आहे. शनिवारी जाऊन म्हणते.

२९ नोव्हेंबर, शनिवार
यांची ड्युटी सुटल्यावर गोडाऊनच्या गेटवर भेटले आणि दोघं गेलो. रुचिरा गॅलरीत होती. आत निघून गेली नाही. हे तिच्या शेजारी बसले, मी दाराशी.
खाली ट्रक मागे घेत होते. मला ते वाक्य म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. म्हटलं, मी नाव ठरवून ठेवलं होतं.
रुचिराने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. विचारलं, काय?
ओवी.
ती म्हणाली, आणि मुलगा झाला असता तर?
म्हटलं, तेवढा विचार केला नव्हता.
ती हसली की रडली, मला कळलं नाही. मग कळलं. मीही तसंच काहीतरी करत होते, मोठ्याने, मंदाताई आतून धावत आल्या इतक्या मोठ्याने. रुचिरा माझ्याजवळ आली नाही. पण उठूनही गेली नाही. निघताना म्हणाली, मम्मी, उद्या येऊ नकोस. पुढच्या आठवड्यात ये.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळ
वही उघडून बसले. चहा गार झाला. कशाचेच उपकार मानता येत नाहीत. देवाला तसं सांगितलं. नातीचंही सांगितलं, पहिल्यापासून सगळं.
तो काही बोलला नाही.
बरं केलं.