मानाग्वात सापडलेला खर्ज

मानाग्वा, मंडळीचं पाहुणेघर
(जिथं पूर्वी बर्फाचा कारखाना होता, तिथून तळ्याच्या बाजूला दोन गल्ल्या)
शनिवार

प्रिय एलमिनाताईस धाकट्या ऑर्फाचा ख्रिस्तात सप्रेम सलाम.

हे पत्र हाती पडेल तेव्हा तू, तुझे गुडघे आणि आपल्या दोघींच्या सामाईक कोंबड्या देवाच्या कृपेने धडधाकट असाल अशी आशा करते. तांबडी अजून खुडूक बसली असेल तर तिला उठवू नकोस, ती थेट डोळ्यांवर झडप घालते. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. नेल्बा सुखरूप आहे, जेवते, झोपते, केस विंचरते. तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही, हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून तुला तसं वाटणार नाही.

बिल्वीहून बस सुटताना तू मला काय बजावलंस ते मी विसरलेली नाही. मुलांसाठी नारळ फोडायला आणलेला कोयता तुझ्या हातात होता आणि तो तू खाली ठेवला नव्हतास. पहिलं, माझी मुलगी नेली तशी परत आण. दुसरं, तो माणूस दिसला तर रस्ता बदल. तो माणूस म्हणजे वाल्देमारदाजी. (तुझ्याच नवऱ्याची ओळख तुलाच करून देते म्हणून चिडू नकोस. रागाच्या भरात तू पत्राची सुरुवात विसरतेस, म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे.) नेल्बा रांगत होती तेव्हा ते घरातून गेले. तू तिला सांगितलंस, बाप समुद्रात गेला. गावाला सांगितलंस, मानाग्वातल्या एका स्पॅनिश बाईच्या मागे गेला. गावाने दोन्ही ऐकून घेतलं, कारण कोयता तेव्हाही होता. मी विचारलं, मानाग्वात ते खरंच समोर आले तर? तू म्हणालीस, एवढ्या मोठ्या शहरात एक माणूस कशाला समोर येतोय. ताई, तुझं हे वाक्य मी वाटभर जपासारखं म्हणत होते आणि दर वेळी ते थोडं कमी खरं वाटत होतं.

वाट कशी होती ते विचारू नकोस, मी सांगतेच. सहलीला निघायच्या सकाळी मंडळीच्या तरुण संघाने नेमाप्रमाणे त्या दिवसाचं वचन वाचलं, तर ते निघालं खोल पाण्यातून पार जाण्याबद्दल. आपला अध्यक्ष नॉर्विन (कोर्नेलियाचा मुलगा, ज्याला देवाने उंची दिली, आवाज दिला आणि भीती द्यायची राहून गेली) म्हणाला, "वा मावशी, किती शुभ!" मी म्हटलं, बाबा, असलं वचन पलीकडे पोचल्यावर वाचायचं असतं. वावा नदीवर बस तराफ्यावर चढवली. तराफा हलला, बस हलली, मी डोळे मिटले. पाण्यातल्या बाईला, लिवाला, मी मानत नाही. मी रविवारच्या शाळेची शिक्षिका आहे. पण ती मला मानत नाही असं कोणी लिहून दिलेलं नाही, म्हणून मी एक पाव हळूच पाण्यात सोडला. (पाळकसाहेबांना सांगू नकोस. आणि पाव शिळा होता हे लिवाला सांगू नकोस.) पुढचा रस्ता म्हणजे चिखल, मग खड्डे, मग डोंगर, मग डोंगरात खड्डे. नॉर्विन बसच्या टपावर बसून सगळी वाट गात आला. धूळ खाऊन मानाग्वा येईपर्यंत त्याचा घसा असा बसला की तोंड उघडलं की नुसता वारा यायचा. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

सहल शैक्षणिक असल्यामुळे बसमधून उतरल्या उतरल्या शिक्षण सुरू झालं. आधी आम्हाला जुन्या पाऊलखुणा दाखवल्या. हजारो वर्षांपूर्वी माणसं ओल्या चिखलातून तळ्याच्या दिशेने गेली, त्यांचे तळवे तसेच्या तसे उमटून राहिलेत. मुलांनी विचारलं, किती जुने, किती खोल. मी विचारलं, परत येतानाचे कुठं आहेत? तिथला माणूस म्हणाला, "बाई, परत येतानाचे नाहीत."  मी म्हटलं, ही माणसं पळत होती, काहीतरी मागे लागलं होतं. तो म्हणाला, छे, पावलांचं अंतर बघा, आरामात चालली होती. ताई, आरामात चालत जाऊन परत न येणं हे मला जास्त भयंकर वाटलं. नेल्बा मात्र त्या खुणांपाशी खूप वेळ उभी होती.

नंतर संसदेची इमारत बाहेरून पाहिली. (आतून बघायची वेळ टळली होती, आणि मला तर आत जायचंच नव्हतं. या शहरात एकदा जमीन हलली ती हलली, पुन्हा हलणार नाही असं संसदेलासुद्धा ठरवता येत नाही.) आणि सगळा वेळ मला जिकडेतिकडे दाजी दिसत होते. किनाऱ्याकडचा काळासावळा, उंच, बाहेर आलेल्या कानांचा माणूस दिसला की मी नेल्बाला दुसरीकडे वळवायची. तिला मी तीन बँका, एक पेट्रोल पंप आणि एका दंतवैद्याची पाटी अशी नीट वाचायला लावली. शेवटी ती म्हणाली, "मावशी, तुझी मान दुखतेय का?"

ऊन उतरल्यावर पाहुणेघर शोधायला निघालो. पाळकसाहेब सभेसाठी विमानाने आधीच येऊन पोचले होते (मेंढपाळ हवेतून आणि मेंढरं चिखलातून, असो) आणि तिथं आमच्यासाठी भात शिजत होता. पत्ता तुला वर दिलाच आहे. एका कोपऱ्यावर तोर्तिया भाजणाऱ्या बाईला मी विचारलं, बर्फाचा कारखाना कुठं आहे?

"कारखाना? तो भूकंपात पडला की."

"मग पाहुणेघराला कसं जायचं?"

"सोपं आहे. कारखान्यापासून तळ्याच्या बाजूला दोन गल्ल्या."

"पण कारखाना नाही ना?"

"नाही कसा? होता ना!" ती माझ्यावरच वैतागली. "सगळ्यांना माहीत आहे कुठं होता ते."

सगळ्यांना माहीत होतं, आणि प्रत्येकाला वेगळं. एकाने कारखाना डावीकडे पाडला, एकाने उजवीकडे. एक म्हातारा तर आम्हाला चिंचेच्या झाडाखालून जायला सांगून गेला, आणि झाडही नव्हतं. गल्ल्या अरुंद होत गेल्या, लहान मुली रडू लागल्या, एक मोटारसायकल आमच्या शेजारून दोनदा गेली आणि तिच्यावरच्या दोघांनी दोन्ही वेळा आमच्या पिशव्यांकडे पाहिलं. ताई, मी खरंच घाबरले. नेहमीसारखं नाही, आतून. मला वाटलं, तुझी मुलगी मी या न-असलेल्या गावात हरवून बसणार.

आणि घाबरल्यावर आपली माणसं जे करतात ते मी केलं. म्हटलं, गा! पुस्तकाशिवाय सगळ्यांना येणारं एकच गीत निघालं, पुनरुत्थानाच्या पहाटे कबरस्तानात म्हणतो ते. भर रस्त्यात, सामानासकट, मेलेल्यांना उठवायचं गीत. येणारेजाणारे छातीवर क्रूसाची खूण करून पलीकडच्या बाजूला गेले, मोटारसायकलसुद्धा पुन्हा आली नाही. पण गाणं उभं राहीना. वरचा आवाज होता, मधले दोन होते, त्यांतली आल्टो नेल्बा तुझ्यासारखीच खणखणीत गात होती, खर्ज मात्र नव्हता. नॉर्विन तोंड उघडत होता आणि वारा येत होता. पाय मोडलेल्या बाकावर बसल्यासारखं सगळं एका बाजूला कलत होतं. तुला ठाऊक आहे, आपल्याकडच्या माणसाला उपाशी ठेवलं तर चालेल, पण तीनच आवाजांत गीत ऐकवलं तर तो आजारी पडतो.

दुसऱ्या कडव्याला खर्ज आला. एका पत्र्याच्या दारामागून. आधी अगदी बारीक, नाइलाजाने गायल्यासारखा, मग दुसऱ्या ओळीपासून पुरता. मुलं गातागाताच तिकडे वळली. मुलांनी दार ढकललं. आत बुटक्या स्टुलावर एक माणूस मांडीवर कोणाचातरी बूट घेऊन बसला होता, डोळे मिटून गात होता. आणि ताई, ते कान.

मी तुझा शब्द पाळला. नेल्बाला धरलं आणि तिचं तोंड भिंतीकडे केलं. म्हटलं, ही भिंत बघ, फार शैक्षणिक आहे. नॉर्विनला म्हटलं, मागे फिरा. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मावशी, तो आपल्या भाषेत गातोय!" आणि सगळा संघ त्या दारात. दाजींनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि हातातला बूट खाली पडला. माझ्या आधी तेच घाबरले. तेरा वर्षांनी त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "ऑर्फा, जाड झालीस."

मग हळूच विचारलं, "ती कोणती?"

मी म्हटलं, यातली कोणीच नाही, ती घरी आहे, तिला गोवर आलाय.

"आल्टो गाणारी," ते म्हणाले. "एलमिना दुसऱ्या ओळीत जिथं श्वास घेते, तिथंच घेतला."

ते उठले तेव्हा काठी घेऊन उठले. डावा पाय ओढतात. ताई, बसून वाच. बाई नव्हती. मी खोलीत डोकावून नीट पाहिलं (तू असतीस तर तूही पाहिलं असतंस). एक ताट, एक पेला, एक चमचा. दाजींनी सांगितलं, लॉबस्टरसाठी खोल बुडी मारून घाईने वर येताना खालचं अंग लुळं पडलं. बोटीवाल्यांनी परस्पर इथल्या दवाखान्यात आणून टाकलं. पाय थोडा परत आला तोवर वर्ष गेलं होतं, आणि मग गावाला तोंड दाखवायची लाज वाटली. म्हणाले, "एलमिनाने खाटेवरच्या नवऱ्याला भरवलं असतं, एक शब्द बोलली नसती आणि रोज कोयत्याला धार लावली असती. मला ते सोसलं नसतं." म्हणजे तू नेल्बाला सांगितलंस ते अर्धं खरंच होतं. ते समुद्रातच गेले. मी तिथं दारात उभी राहून रडले आणि मुलांना सांगितलं की डोळ्यात धूळ गेली.

पाहुणेघर तिथून हाकेवर होतं. दाजींनी पोचवलं. वाटेत नेल्बाने त्यांची पिशवी धरली आणि त्यांनी तिची. मीही नेल्बाला एक अक्षर सांगितलेलं नाही, हे मी शपथेवर लिहिते. तुझ्या दोन्ही गोष्टी मी पाळल्या असं समज. बाकी सगळं क्षेम.

तुझी लाडकी (असं समजते),
ऑर्फा

ता. क. हे पत्र पाळकसाहेबांच्या हाती देते आहे, ते विमानाने आमच्या आधी पोचतील. तोंडी काही सांगू नका अशी विनंती मी त्यांना केली. ते म्हणाले, मी देवाला भितो आणि एलमिनाला भितो, काळजी नको.

ता. क. नेल्बाला मी सांगितलं नाही, कारण तिनेच मला सांगितलं. काल भांडी घासताना म्हणाली, "मावशी, मेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावतात. आईने बाबांचा पेटीत कुलपात ठेवलाय. मेलेल्यावर कोणी इतकं रागवत नाही." राजधानीची ही सहल संघाला सुचवली कोणी, तर तिनेच. मी भिंत दाखवत होते तेव्हा तिला सगळं माहीत होतं, हे आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ता. क. बस सोमवारी सुटते. वाबूलसाठी केळी उकडशील तेव्हा एका माणसाची जास्त उकड. ते दाट पितात, तू विसरली नसशील.

ता. क. आता खरं काम. दाजींना नदीची, डोंगराची, लिवाची, कशाची म्हणून भीती नाही. फक्त दर तासाला विचारतात, "दार उघडेल ना ती?" मी म्हणते, सांगता येत नाही. तेव्हा ताई, कोयता तेवढा कोर्नेलियाकडे ठेवून ये. आणि दार उघडंच ठेव, कारण ते वाजवायची आमच्यापैकी कोणाचीच छाती होणार नाही.