बाराव्या चौकटीतलं पाणी

सोनाळा,
दि. १७ नोव्हेंबर २०२४

चि. धम्मरत्न यास ताईचा सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे ठीक. मयुरीची सहामाही झाली, गणितात तुझी भाची नेहमीसारखीच काठावर. बाबा वरवटलाच आहेत. इकडे राहायला या म्हटलं तर "माह्या घराले कुलूप लावू काय?" म्हणून मलाच विचारतात. कापूस वेचणी सुरू आहे, त्यामुळे बाया अंगणवाडीत पोरं सकाळी लवकरच आणून सोडतात.

तुझं पार्सल मिळालं. पटकथा दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचून कपाटावर टाकून दिली, दुसऱ्यांदा आपण नीट वाचलं का ते बघायला वाचली. तोंडदेखलं कौतुक मला जमत नाही, तुला माहीतच आहे.

सोबत तो गोल तक्ता पाठवलास, बारा चौकटींचा. नायकाला हाक येते, तो आधी नाही म्हणतो, मग गुरू भेटतो, उंबरठा ओलांडतो, मरता मरता वाचतो आणि शेवटी गावासाठी अमृत घेऊन परततो. जगातल्या सगळ्या जुन्या कथा अशाच चालतात असं तुमच्या वर्कशॉपच्या सरांनी सांगितलं म्हणे. चालत असतील. पण उंबरठ्यावर अडवणारा कुणी पाहिजे म्हणून तू बाबांना दारुडं केलंस. ज्या माणसाने एसटीत तीस वर्षं तिकिटं फाडली आणि चहापलीकडे कशाला तोंड लावलं नाही, तो तुझ्या नवव्या पानावर बाटली फोडतो. आणि सातपुड्यातून तो दाढीवाला गुरू कोण उतरवलास? तिकडून आपल्याकडे बकऱ्यावाल्यांशिवाय कोणी आलेलं मी पाहिलं नाही. बाबांनी हे वाचलं तर काय होईल, याचा तू एकदा तरी विचार केलास का?

फोनवर हेच बोलले तर तू हसलास. "ताई, स्ट्रक्चरले ते लागतेच. बाप आडवा नाही आला तं हिरो मोठा कसा होईन?" तुझं ते हसणं मला अजून आठवतं आणि संताप येतो.

एक गोष्ट मात्र तू खरी लिहिलीस. आपल्या घरातले दोन माठ. गोड्या पाण्याचा बाबांसाठी, तुझ्यासाठी, आल्यागेल्यासाठी, आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याचा मायसाठी. मी विचारलं तर म्हणायची, "मले सवय हाय." पुढे तिच्या किडन्या गेल्या. कशामुळे, ते डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही.

आता तुझी बारावी चौकट. नायक सोनाळ्याकडून गोडं पाणी वरवटला आणतो, आजारी आईला आपल्या हाताने तांब्याभर पाजतो, ती तृप्त होऊन डोळे मिटते. मागे बासरी.

धम्मा, डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून द्यायचं असतं. मायला दिवसाला अर्धा लिटर. भाजीचा रस, चहा, गोळीचा घोट, सगळं त्यात. मी बाटलीवर पेनाने खुणा केल्या होत्या. तू कधी आठ दिवस राहिला असतास तर तुला कळलं असतं. आयुष्यभर खारं प्यायली आणि गोड्या पाण्याच्या गावी लेकीकडे आली, तेव्हा तिला घोट मोजून मिळायला लागले. तुझा नायक तिला जे पाजतो, त्याने माणूस मरतो.

हे मला पक्कं माहीत आहे. कसं, ते तुला सांगायचं टाळत मी दोन पानं भरली.

एप्रिलातला बुधवार होता, दुपार. दुसऱ्या दिवशी डायलिसिस. पाय सुजलेले, ओठ फुटलेले. मी नळावर भांडी भरत होते. ती खाटेवरून म्हणाली, "शीला, त्या नळाचा आवाज बंद कर वं, नाहीतं मले पाणी दे." मी नळ बंद केला. मग म्हणाली, "घोटघोट नको. एक डाव पोटभर दे. मले समजते सारं." मी तांब्या भरून दिला. तो संपला, दुसरा दिला. एवढं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पहाटे तिला धाप लागली. गाडी शेगावला पोचायच्या आत ती गेली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती दिलं होतं? मी म्हटलं, नेहमीएवढंच.

तू तिसऱ्या दिवशी आलास. पुढे मायच्या नावाने केलेल्या जलदानाच्या विधीला भंतेजींनी पाणी ओतायला तांब्या माझ्या हातात दिला. मला तो धरवेना. मी तो तुझ्या हातात दिला. लोकांना वाटलं, बहिणीने भावाला मान दिला. तुलाही तसंच वाटलं असणार, कारण त्या दिवशी पाणी ओततानाचा तुझाच चेहरा तू नायकाला दिलास. म्हणजे ही चौकट मीच तुझ्या हातात ठेवली.

तुझ्या गोष्टीत बहीणच नाही. वाचताना मला आधी सुटल्यासारखं झालं. तुझ्या त्या कागदांची आली नाही एवढी किळस मला त्या सुटकेची आली.

घरच्यांवर सिनेमा करायला निर्मात्याला माझं संमतीपत्र शुक्रवारपर्यंत हवं म्हणतोस. मी सही करणार नाही. निर्माता हातचा जाईल, तुझी चार वर्षं वाया जातील, हे कळतं मला. तुला लिहायचंच असेल तर पाणी पाजणारी मी आहे असं लिही, आणि दुसऱ्या दिवशीची गाडीही लिही. मी अमृत दिलं की विष, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तूही ठरवू नकोस.

बाबांना यातलं काही माहीत नाही. येत्या रविवारी वरवटला जाऊन मी त्यांना सांगणार आहे. त्यांनी पुन्हा माझ्या हातचं पाणी घेतलं तर तुला कळवीन.

मायला पाणी पाजलेली,
तुझी ताई
धम्मशीला