लेख मिळाल्याची तारीख

श्री वैजनाथ प्रसन्न

चि. आदिनाथ यास आईचे आशीर्वाद.

आज केजहून तुझ्या लेखांची यादी आणि शेवटचा लेख छापून आणला. पानं नऊ, अठरा रुपये, जीपभाडं वेगळं. तेरा लेख अर्थशास्त्राचे, अकरा इंजिनिअरिंगचे. तू न सांगता घर सोडलंस तेव्हा दुसऱ्यांनी आपल्या लेखांत दोनशे दहा वेळा तुझं नाव घेतलं होतं, आता तीनशे चार. मला बरं वाटलं. तेजश्री म्हणाली, "आई, त्याच्यासाठी दादा जिवंत असावा लागत न्हाई."

पण शेवटचा लेख परळीच्या राखेच्या विटांचा, आणि लेखक तू एकटाच. खाली छापलंय, संपादकाला दोन वर्षांपूर्वीच्या नऊ मे रोजी मिळाला. तू तर त्या साली फेब्रुवारीतच गेलास. मग तो पाठवला कोणी?

हे म्हणाले, "दोन वर्षं झाली. औंदा पितरात त्याचं पान वाढू." मी तारीख दाखवली. ते उठून देवासमोर जाऊन बसले.

लेखावर पत्ता आपल्याच घराचा दिला आहेस, दुसरा ठिकाणा नाही, म्हणून हे पत्र घरातच पोथीत ठेवते. पितृपंधरवड्याला अकरा दिवस उरलेत. तुझं पान वाढायचं की नाही, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी आई,
भिवराबाई