तिन्हीसांजेची ओ

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे गडबला, खाडीकाठच्या या गावात. कंपनीने नागोठण्याला बदली केली तेव्हा अनिताने तोंड वाकडं केलं होतं, पण मोकळं घर बघून बाईसाहेब खूश. मी तर तिच्याहून खूश. ठाण्यात शेजाऱ्यांच्या दिव्या-चार्जरांच्या खरखरीने माझ्या शॉर्टवेव्ह रेडिओचा जीव घेतला होता. इथे खिडकीतून आंब्यापर्यंत वायर ताणली आणि पहिल्याच संध्याकाळी हनोई, बुखारेस्ट अगदी ओसरीवर येऊन बसल्यासारखे लागले. अनिता या रेडिओला सवत म्हणते. म्हणू दे.

आमची दिपू पहिलीत आहे. मांडीवर बसून ऐकते. हाक मारली की ‘काय’ नाही, ‘ओ’ म्हणायचं, हे वळण मी तिला लावलंय. लोक कौतुक करतात, आणि मला ते आवडतं.

६ नोव्हेंबर
शेजारचा पोपट नावाचा पोरगा मिठागरावरच्या कामावरून सुटला की रेडिओ ऐकायला येतो. आज दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर एक बाई लागली. बोली इथलीच, खाडीकाठची. ‘पोपट रं, ए पोपट’ एवढंच म्हणत होती. मेव्हण्याची मस्करी असणार, असं म्हणून पोपट पोट धरून हसला आणि त्याने मोठ्याने ओ दिली. बाई गप्प झाली. मीही खूप हसलो.

७ नोव्हेंबर
पोपट गेला. खाडीच्या चिखलात कमरेपर्यंत उभा रुतलेला सापडला. तोंड घशापर्यंत मिठाने भरलेलं.

घरमालकीण सगुणाबाई सुपारी कातरत म्हणाल्या, तिन्हीसांजेला खाडीची हाक आली तर ओ नाय द्याची, दिली का मानूस तिचा. तुमाला सांगाचा रायलाच. मला त्यांचा भयंकर राग आला.

८ नोव्हेंबर
रेडिओ लावायला नको होता. पण राहवलं नाही, खोटं कशाला लिहू. बाई होतीच. ‘दिपू गो, ए दिपू.’

पोरीने तोंड उघडलं आणि मी फाडकन तिच्या तोंडावर मारलं. ओठ फुटला. अनिता माझ्याशी बोलत नाही.

९ नोव्हेंबर
वायर तोडली, सेल काढले. तरी रेडिओ बोलतोय. आज अनिताच्या आवाजात.

दिवसभर दिपूला शिकवतोय, ‘काय’ म्हण, ‘काय’ म्हण. ती म्हणाली, बाबा तुम्हीच तर सांगितलं होतं ना. पुन्हा मारलं.

१० नोव्हेंबर
पेणला पळून आलो. रामवाडीत लॉज. टीव्हीची पिन काढून ठेवली. सांज झाली आणि त्यातूनच— दिपू गो—

मी दिपूचं तोंड दाबून धरलं. चावली मला.

११ नोव्हेंबर
अनिता म्हणते मला वेड लागलंय. भावाला आणायला रोह्याला गेलीय. दिपूला नेत होती, मी नाही दिली. कडी लावलीय, वरची.

दिपूच्या तोंडावर ओढणी बांधली. सोडायला बघते, म्हणून हातही. रडतेय. रड बाई, पण जगशील.

सांज. बाई हाका मारतेय. मार किती मारायच्या त्या. माझी पोर ओ देऊच शकत नाही—

गप्प झाली. हरली.

दिपूने हाक मारली आत्ता. बाबा, म्हणाली. मी पटकन म्हटलं, ओ, काय गं—

पण तिचं तोंड तर बांधलेलं—

माझ्या घशात मीठ— कडीला दिपूचा हात पोचत नाही, आधी तिचे हात सोडायला