लँडमास्टरचा डावा तळ

मी, सोपान भीमा लोंढे, वय एकोणपन्नास, धंदा गाड्यांचे पत्राकाम, राहणार इंदापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. हृदयाची झडप तेवढी नाही. पुण्याला ऑपरेशनला बोलावले आहे आणि परत येईन असे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी ताईबाई हिला. माझ्या मागे त्रिशरण, पंचशील म्हणावे. जेवणावळ घालू नये.

२. शेडमधले गॅसचे सामान, कात्र्या, हातोडे मुलगी तेजश्री हिला. पोरगी वेल्डिंग करते म्हणून लोक रस्त्यात थांबून बघतात. बघू देत. तिचा जोड माझ्यापेक्षा सरळ येतो. हे तिच्या तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहिले.

३. आता गाडी. शेडमधली काळी लँडमास्टर मूळची आमच्या गावच्या, निरवांगीच्या मानसिंगरावांची. माझे वडील भीमा, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांनी ती तरुणपणापासून रोज धुतली. आत कधी बसले नाहीत. मालक मोरगावला दर्शनाला निघाले की वाटेत गाडी पुसायला आबांना न्यायचे, ते डिकीत, झाकण उघडे ठेवून. मी आणि माझा धाकटा भाऊ जोतीराम रस्त्याच्या कडेला उभे राहून बघायचो. मानसिंगरावांच्या नातवाने, ऋषिराजने, गाडी भंगारात काढली तेव्हा मी ती उचलून आणली. आबांना मागच्या सीटवर बसवून निरवांगीत न्यायचे, एवढ्यासाठीच.

वरून गाडी शाबूत, पण तळ गंजून चाळण झालेला. उजवीकडचा कापून नवा पत्रा घातला. डावा कापला आणि छातीने दगा दिला. आता हातोडा उचलला की धाप लागते. रोज शेडमध्ये जातो आणि त्या भगदाडाकडे बघत बसतो. मला मरणाची भीती नाही असे लिहिणार होतो, पण आहे. हे अर्धे राहील याची तर फारच आहे.

४. जोतीराम बारामतीला नोकरीला असतो. त्याला मी ओळखतो. मी डोळे मिटले की तो भंगारवाला आणणार. "ज्या गाडीच्या डिकीत बाप बसला ती दारात ठिवतोस? लाज हाय का न्हाय तुला?" असे तो मला चारचौघांत बोलला आहे. जोतीराम, तुझा राग खोटा नाही. पण बाबा रे, हात जोडतो, आबांना एकदा बसू दे. मग गाडी जाळलीस तरी माझी हरकत नाही. तोवर तिला हात लावायचा तुला अधिकार नाही.

५. तेजश्री, दारांच्या चौकटीत मी आडवे पाइप टाचलेत, ते डावा तळ पुरता जोडल्याशिवाय कापू नकोस. कापलेस तर गाडी मध्ये खचेल आणि दारे जन्मात लागणार नाहीत.

दुसरे असे, की आबा अजून रोज सकाळी गाडी धुतात. आतूनसुद्धा. रंग न दिलेल्या नव्या पत्र्यावर पाणी साचते आणि त्याला लगेच गंज धरतो. मी एकदा ओरडलो, "आबा, कशापायी धुताय?"

"मालक बसायचं हायती न्हवं?"

"आता मालक तुमीच हाय, आबा."

"व्हय. मग धुवाय नगं का?"

त्यांच्या हातातली बादली कोणीही काढून घेऊ नये. पत्रा घातल्या घातल्या दोन्ही अंगांनी रेड ऑक्साइड मारावा, कोपऱ्यांत पाणी जायला भोके ठेवावीत आणि त्यांना रबरी बुचे लावू नयेत.

६. गाडी आबांच्या नावे करणार होतो. ते ताडकन उठले. "पोराच्या मागं बापानं घ्यायचं? मला न्हाय पायजे." वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला राहू नये. आबा लगेच म्हणाले, "मग मी साक्षीदार." म्हणून गाडी तेजश्रीला. तिने आबांना मागे बसवून निरवांगीला न्यावे. मानसिंगरावांच्या दारापुढे गाडी हळू करावी, थांबवू नये. ही अट नव्हे, विनंती आहे.

कागदावर थोडी जागा उरली आहे. सह्यांसाठी आम्ही शेडमध्ये आलो, कारण आबा गाडी धूत होते. मी म्हटले, "आबा, आत बसूनच अंगठा द्या. म्होरं मी असंन का न्हाय, कुणाला ठावं." त्यांनी बादली खाली ठेवली, हात पुसले, पाइपाखालून वाकून आत गेले आणि मागच्या सीटवर डाव्या अंगाला, मालक बसायचे तिथे बसले. तळ नसल्याने त्यांचे पाय खाली शेडच्या मातीवर टेकले होते. तरी आत जाताना त्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या.

तेजश्री, लवकर कर.

लिहून देणार: सोपान भीमा लोंढे (सही)

साक्षीदार:
१. भीमा लोंढे, डाव्या हाताचा अंगठा
२. बिरदेव, शेजारचे टायरवाले (सही)

इंदापूर, जि. पुणे
१४ नोव्हेंबर १९९७